निळी दिसली म्हणजे मेली का?

वाचकांचे प्रश्न

या वेळच्या टपालात पेशी मेली की जिवंत हे रंजकाने ठरवण्याविषयीची पत्रे सर्वांत जास्त होती. लांब पत्रांतला कामापुरता भाग छापला आहे.

प्रश्न : कर्करोगाच्या चिकटून वाढणाऱ्या पेशींवर एका औषधाची चाचणी करते आहे. २४ तासांनी ट्रिपॅन ब्ल्यू या निळ्या रंजकाने ९५ टक्के पेशी जिवंत दिसतात. त्याच पेशी ॲनेक्सिन आणि पीआय लावून फ्लो सायटोमीटरवर (एकेक पेशीची चमक मोजणाऱ्या यंत्रावर) घातल्या, तर दोन्ही न लागलेल्या फक्त ६८ टक्के. नुसते ॲनेक्सिन लागलेल्या २५ टक्के आणि दोन्ही लागलेल्या ७ टक्के. प्रबंधात कोणता आकडा लिहू?
– एम. एस्सी.ची विद्यार्थिनी, ताळगाव

उत्तर : दोन्ही लिहा. तुमचे आकडे भांडत नाहीत, उलट छान जुळतात. ट्रिपॅन ब्ल्यू पेशीला एकच प्रश्न विचारतो : तुझ्या पटलाला भोक पडले आहे का? रेणू मोठा आणि ऋणभारित असल्याने अखंड पटलातून तो आत शिरत नाही. पीआय, म्हणजे प्रोपिडियम आयोडाइड, हाच प्रश्न विचारतो. फरक एवढाच की तो आत जाऊन डीएनएला चिकटतो आणि लाल चमकतो. म्हणून ट्रिपॅन ब्ल्यूचे ९५ ताडून पाहायचे ते ‘पीआय न लागलेल्या’ सगळ्या पेशींशी, म्हणजे ६८ अधिक २५, एकूण ९३ शी. दीड-दोनशे पेशी मोजून काढलेल्या टक्केवारीत दोनाचा फरक काहीच नाही.

मधल्या २५ टक्के पेशी कोणत्या? ॲपॉप्टोसिसच्या, म्हणजे पेशीने स्वतःच घडवून आणलेल्या मरणाच्या, वाटेला लागलेल्या, पण पटल अजून शाबूत असलेल्या. जिवंत पेशीत फॉस्फॅटिडिलसेरीन हा मेदरेणू पटलाच्या आतल्या थरात राखलेला असतो. ॲपॉप्टोसिस सुरू झाला की तो बाहेरच्या थरात येतो आणि ॲनेक्सिन-५ त्यालाच धरते. केर, वायली आणि करी यांनी १९७२ मध्ये ‘ॲपॉप्टोसिस’ हा शब्द रूढ केला तो पानगळीच्या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. देठ सुटला तरी पान थोडा वेळ हिरवेच असते, तशी ही २५ टक्क्यांची अवस्था. ट्रिपॅन ब्ल्यूला ती दिसतच नाही.

दोन्ही लागलेल्या ७ टक्क्यांवर मात्र ‘उशिराचा ॲपॉप्टोसिस’ असा शिक्का घाईने मारू नका. थेट फुटून मेलेल्या, म्हणजे नेक्रोसिसच्या पेशींनाही दोन्ही रंजके लागतात, कारण भोकातून ॲनेक्सिन आतल्या थरापर्यंत पोचते. एकाच वेळेच्या मोजणीतून हे दोन गट वेगळे होत नाहीत. ४, ८, १२ आणि २४ तासांचे नमुने घ्या. आधी नुसत्या ॲनेक्सिनचा गट भरत गेला आणि मग तो दोन्हींच्या गटात सरकला, तर ॲपॉप्टोसिस म्हणायला आधार मिळतो.

तुमच्या पत्रात एकूण पेशींची संख्या नाही, आणि आमच्या मते तीच सर्वांत महत्त्वाची. समजा १० लाख पेशी पेरल्या. औषध नसलेल्या फ्लास्कमध्ये २४ तासांनी १८ लाख झाल्या, औषधाच्या फ्लास्कमध्ये ६ लाख उरल्या आणि त्यांतल्या ९५ टक्के जिवंत निघाल्या. आकडा देखणा, पण बाकीच्या गेल्या कुठे? काही फुटून विरघळल्या. बऱ्याच सुटून वरच्या पोषक माध्यमात तरंगत होत्या आणि ते माध्यम ओतून दिले गेले. मेलेल्या पेशी आधी टाकून द्यायच्या आणि मग उरलेल्यांत मेलेल्या किती ते मोजायचे, असा हा हिशेब होतो. म्हणून वरचे माध्यम आणि धुतलेले पाणीही त्याच नळीत जमा करा, आणि टक्केवारीशेजारी दर फ्लास्कमधल्या जिवंत पेशींची संख्या द्या.

ॲनेक्सिनची कृती अशी. सगळ्या पेशी ३०० जी वेगाने ५ मिनिटे फिरवून खाली बसवा आणि थंड पीबीएसने (फॉस्फेटच्या खारट बफरने) दोनदा धुवा. मग बंधन-बफरमध्ये मिलिलिटरला १० लाख या प्रमाणात मिसळा. हा बफर म्हणजे १० मिलिमोलर हेपेस, १४० मिलिमोलर मीठ, २.५ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड, पीएच ७.४. त्यातले १०० मायक्रोलिटर, म्हणजे १ लाख पेशी घेऊन त्यात ॲनेक्सिन आणि पीआय संचात सांगितले असेल तेवढे घाला. बहुतेक संचांत ॲनेक्सिन ५ मायक्रोलिटर असते. अंधारात, खोलीच्या तापमानाला १५ मिनिटे ठेवा. ४०० मायक्रोलिटर बफर वाढवा आणि तासाच्या आत यंत्रावर घाला. पीआय घातल्यावर धुवायचे नाही.

चुका बहुधा कॅल्शियमपाशी होतात. ॲनेक्सिनची पकड कॅल्शियमवाचून बसत नाही. पेशी सोडवायला वापरलेल्या ट्रिप्सिनमधले ईडीटीए धुण्यात राहिले, तर ते हेच कॅल्शियम बांधून टाकते आणि ॲपॉप्टोटिक पेशी ‘जिवंत’ दिसतात. बफर वाचवायला कोणी पीबीएसमध्येच कॅल्शियम घालते. फॉस्फेटबरोबर त्याचा साका बसतो आणि यंत्रात बारीक कणांचा कचरा दिसतो. उलट्या बाजूची चूक ट्रिप्सिन जास्त वेळ ठेवण्याची. पटले दुखावतात आणि औषध न दिलेल्या नमुन्यातच १५-२० टक्के ‘मृत’ निघतात. ट्रिप्सिन २-३ मिनिटांत थांबवा. पेशी सुटत नसतील तर ॲक्युटेजसारखे सौम्य विकर घ्या, खरवडू नका.

आणखी एक. पीआय आरएनएलाही चिकटतो. मोठ्या, भरपूर पेशीद्रव्य असलेल्या पेशींत त्यामुळे खोटी लाल चमक येते. शंका आली तर तोच नमुना प्रतिदीप्ती मायक्रोस्कोपखाली पाहा : लाल रंग केंद्रकात रेखीव दिसायला हवा. पेशीभर पसरट लाली असेल तर रंजनानंतर १ टक्का फॉर्माल्डिहाइडने पेशी स्थिर करून आरएनेज (आरएनए तोडणारे विकर) द्या आणि पुन्हा मोजा.

रंजकाविना, नुसते ॲनेक्सिन आणि नुसता पीआय असे तीन नमुने दर वेळी हवेत. ॲनेक्सिनला जोडलेल्या फ्लुओरेसीनचा हिरवा प्रकाश यंत्राच्या लाल वाहिनीत सांडतो. तो किती वजा करायचा, हे या तिघांशिवाय यंत्राला सांगता येत नाही.

प्रश्न : एकाच नळीतून दोघांनी ट्रिपॅन ब्ल्यू मोजणी केली. एकाचे ८८ टक्के, दुसऱ्याचे ९४. चूक कोणाची?
– प्रयोगशाळा साहाय्यक, फोंडा

उत्तर : बहुधा कोणाचीच नाही. ९० टक्के जिवंत असलेल्या नमुन्यातून १०० पेशी मोजल्या, तर नुसत्या योगायोगाने उत्तर ८४ ते ९६ मध्ये कुठेही येऊ शकते. ४०० मोजल्या तर ८७ ते ९३. चुकीचा पल्ला निम्मा करायचा तर पेशी चौपट मोजाव्या लागतात, त्याला आडवाट नाही. स्वयंचलित गणकही या नियमातून सुटत नाही, त्याचे बळ एवढेच की तो न कंटाळता जास्त पेशी मोजतो.

तरी कृती एकदा पडताळून घ्या. ०.४ टक्के ट्रिपॅन ब्ल्यू आणि पेशींचे मिश्रण समान भाग घ्या, २० आणि २० मायक्रोलिटर पुरे. पेशी पीबीएसमध्ये असाव्यात, सीरममध्ये नव्हे. सीरममधली प्रथिने रंजक बांधतात, त्यामुळे पार्श्वभूमी गडद होते आणि मेलेल्या पेशींना रंग अपुरा पोचतो. मिसळल्यावर दोन-तीन मिनिटे थांबा आणि पाच मिनिटांच्या आत मोजून मोकळे व्हा. रंजक स्वतःच विषारी आहे. चहाला जाऊन आलात तर जिवंत पेशीही निळ्या होऊ लागतात. दोघांपैकी ज्याने नंतर मोजले त्याचा आकडा कमी आला असेल तर कारण इथेच शोधा.

पेशी मोजायच्या न्यूबावर कक्षाचा मोठा चौकोन १ मिलिमीटर बाजूचा आणि कक्षाची खोली ०.१ मिलिमीटर, म्हणजे चौकोनावर ०.१ मायक्रोलिटर द्रव असतो. चार कोपऱ्यांतल्या चौकोनांत मिळून १८२ जिवंत आणि १८ मृत मिळाल्या असे धरा. जिवंतांची सरासरी ४५.५, गुणिले २ विरलतेसाठी, गुणिले १०,००० : मिलिलिटरला ९ लाख १० हजार जिवंत पेशी. प्रमाण ९१ टक्के, आणि २०० पेशींच्या हिशेबाने त्याला अधिक-उणे ४. वहीत हे ‘अधिक-उणे’ही लिहावे, फार थोडे लिहितात. चौकोनात २० ते ५० पेशी असल्या की मोजणी नीट होते. रेषेवर बसलेल्यांपैकी वरच्या आणि डाव्या रेषेवरच्या धरायच्या, खालच्या आणि उजव्या सोडायच्या.

कक्षावर त्याच्याच संचातली जाड काच ठेवा. स्लाइडवरची साधी पातळ काच द्रवाच्या ओढीने वाकते आणि खोली ०.१ राहत नाही. याने टक्केवारी बिघडत नाही, कारण जिवंत आणि मृत दोन्ही त्याच पाण्यात असतात. संख्या मात्र बिघडते. बाटलीच्या तळाशी बसलेले रंजकाचे स्फटिक मृत पेशींसारखे दिसतात. ०.२ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळून घ्या. काळेनिळे, कडा तुटक असलेले दिसले तर तो स्फटिक. मेलेली पेशी फुगीर असते, एकसारखी निळी आणि कडेला चमक नसलेली. फिकट निळ्या पेशी कोणत्या बाजूला धरायच्या हे दोघांनी मोजण्याआधीच ठरवा. ८८ आणि ९४ मधले निम्मे अंतर बहुतेक वेळा तिथेच असते.

हातमोजे घालाच. हे रंजक कर्करोगजनक मानतात.

प्रश्न : भिरंडाच्या (कोकमाच्या) सालीच्या अर्काने पेशी मरतात का हे एमटीटी चाचणीने पाहतो आहे. अर्क न दिलेल्या पेशींच्या तुलनेत कमी मात्रेला ७० टक्के, पण जास्त मात्रेला १३० टक्के येते. अर्काने पेशी वाढतात असे समजायचे का?
– संशोधक विद्यार्थी, मडगाव

उत्तर : नाही, निदान अजून नाही. मॉसमन यांनी १९८३ मध्ये मांडलेली ही चाचणी मृत्यू मोजत नाही. पेशीतली विकरे पिवळ्या एमटीटीचे क्षपण करून जांभळे फॉर्माझान बनवतात, ते ती मोजते. पण हे काम पेशीच करतात असे कोणी सांगितले? भिरंडासारख्या फळातले ॲस्कॉर्बिक आम्ल आणि पॉलिफिनॉल एमटीटीचे क्षपण पेशींवाचून करू शकतात. अर्क जितका जास्त, तितके जांभळे जास्त.

उद्याच करून पाहण्याजोगी चाचणी : थाळीच्या एका ओळीत पेशी न घालता फक्त माध्यम, अर्काच्या सगळ्या मात्रा आणि एमटीटी घाला. तिथे जांभळे आले तर १३० चे उत्तर मिळाले. उपाय असा : अर्काचे माध्यम काढून पेशी पीबीएसने दोनदा हलक्या हाताने धुवा, मग ताज्या माध्यमात मिलिलिटरला ०.५ मिलिग्रॅम एमटीटी ३ ते ४ तास द्या. स्फटिक दर खळग्यात १०० मायक्रोलिटर डीएमएसओ या द्रावकाने विरघळवा आणि ५७० नॅनोमीटरवर वाचा. माध्यम काढताना पिपेटचे टोक खळग्याच्या तळाला लागू देऊ नका. स्फटिक पेशींबरोबरच उचलले जातात आणि शेजारशेजारच्या तीन खळग्यांत ०.९, ०.४, ०.८ असे आकडे येतात.

कमी मात्रेचे ७० टक्के तरी खरे का? भिरंड आंबट, हायड्रॉक्सिसिट्रिक आम्लाने भरलेले. अर्क घातल्यावर माध्यमातले फिनॉल रेड हे आम्लदर्शक लालचे पिवळे होत असेल, तर पेशींना बाधले ते आम्ल, तुमचा घटक नव्हे. अर्काचा पीएच ७.४ ला आणून पुन्हा करा. शिवाय सालीतल्या अँथोसायनिनचा स्वतःचा रंग शोषण-मापनात भर घालतो, आणि तो पीएचबरोबर बदलतो. पेशींविना असलेली ओळ वजा केली की हेही जाते.

जोडीला क्रिस्टल व्हायोलेट करा : २० टक्के मिथेनॉलमध्ये ०.५ टक्के रंजक, २० मिनिटे, मग पाणी निवळेपर्यंत धुणे, सुकवणे, मिथेनॉलमध्ये विरघळवून ५७० वर वाचन. हे तळाला चिकटून उरलेल्या पेशींच्या प्रमाणात रंग देते, त्यांच्या चयापचयाशी याला देणेघेणे नाही. दोन चाचण्या एका दिशेने बोलल्या तरच अर्काबद्दल काही म्हणा.

प्रश्न : माशाच्या कल्ल्यांच्या छेदांवर टनेल (मरणाऱ्या पेशींतला तुटका डीएनए रंगवणारी चाचणी) केले. सगळा छेद तपकिरी. औषध न दिलेल्या माशातही तेच.
– प्राणिशास्त्राच्या शिक्षिका, म्हापसा

उत्तर : टनेलमध्ये टीडीटी विकर डीएनएच्या तुटक्या टोकांना खुणेचे न्यूक्लिओटाइड जोडते. टोक ॲपॉप्टोसिसने तुटले, कुजण्याने की प्रोटिनेज या प्रथिने तोडणाऱ्या विकराच्या माऱ्याने, हे त्याला कळत नाही. कल्ले नाजूक आणि रक्ताने भरलेले. आपल्याकडच्या एप्रिलच्या उकाड्यात मासा अर्धा तास ट्रेमध्ये राहिला, तर कुजण्याची सुरुवात तिथेच. कल्ला काढल्याबरोबर १० टक्के उदासीन बफर फॉर्मेलिनमध्ये टाका. तुकडा ३ ते ५ मिलिमीटरपेक्षा जाड नको, द्रव तुकड्याच्या दहापट, मुदत २४ तास. प्रोटिनेज के मिलिलिटरला २० मायक्रोग्रॅम, १५ मिनिटांहून जास्त नाही.

तुमचा रंग तपकिरी आहे म्हणजे खूण पेरॉक्सिडेज या विकराची. माशाच्या तांबड्या पेशींत केंद्रक असते आणि हिमोग्लोबिन पेरॉक्सिडेजसारखे वागते. ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडने ते आधी दाबले नाही, तर कल्ल्याची प्रत्येक केशवाहिनी ‘मेलेल्या’ पेशींनी भरलेली दिसणारच. एक छेद टीडीटीविना करा. तोही तपकिरी निघाला तर दोष पेरॉक्सिडेजचा. तो स्वच्छ आणि बाकीचे तपकिरी, तर दोष स्थिरीकरणाचा किंवा प्रोटिनेजचा. आणखी एक छेद डीएनेज (डीएनए तोडणारे विकर) देऊन करा, तो पूर्ण रंगलाच पाहिजे.

प्रश्न : खाजनातल्या (खाडीकाठच्या खाऱ्या शेतातल्या) कोरगुट भाताची मुळे खाऱ्या पाण्यात किती टिकतात हे रंजकाने मुलांना दाखवता येईल का?
– उच्च माध्यमिक शिक्षक, डिचोली

उत्तर : येईल, आणि खर्चही फारसा नाही. इव्हान्स ब्ल्यू वापरा; ट्रिपॅन ब्ल्यूसारखा तोही फाटक्या पटलाच्या पेशींतच शिरतो. कोरगुट आणि एखादे गोड्या पाण्यातले वाण शेजारी ठेवा. रोपांच्या मुळांची १ सेंटिमीटरची दहा टोके ०.२५ टक्के रंजकात १५ मिनिटे बुडवा आणि निळे पाणी सुटायचे थांबेपर्यंत धुवा. ५० टक्के मिथेनॉलमध्ये १ टक्का एसडीएस (साबणासारखे डिटर्जंट) करून त्यात ५० अंश सेल्सिअसला अर्धा तास ठेवा आणि ६०० नॅनोमीटरवर वाचा. यंत्र नसेल तर नळ्या ओळीने लावून डोळ्यांनीही फरक दिसतो. दहा टोके उकळून मारा आणि त्यांचा रंग शंभर टक्के धरा.

मिठातून काढलेले मूळ एकदम साध्या पाण्यात घालू नका. पाणी आत घुसून पेशी फुगतात, फाटतात, आणि मीठ निर्दोष असूनही बदनाम होते. रंजक आणि पहिले धुणे तेवढ्याच खारट द्रावणात करा. चिमट्याने धरलेली जागाही निळी होते, म्हणून टोक नेहमी कापलेल्या बाजूने धरा. मुळाच्या टोपीच्या गळणाऱ्या पेशी बिनमिठाच्या रोपातही थोड्या निळ्या दिसतील; तेवढे वजा करायचे.

प्रश्न : काजूच्या निऱ्यात (बोंडांच्या रसात) घालायच्या यीस्टपैकी जिवंत किती, हे मिथिलीन ब्ल्यूने पाहतो. जुन्या यीस्टचे ७० टक्के येतात, पण आंबणे अगदी मंद.
– वाईन करणारे एक वाचक, वाळपई

उत्तर : ७० हा आकडा मुळात फुगलेला असणार. जिवंत यीस्ट हे रंजक क्षपण करून बिनरंगी करते, मेलेले निळे राहते. पण अर्धमेल्या पेशीही थोडे क्षपण करून घेतात. ९० टक्क्यांच्या वर ही चाचणी ठीक चालते, खाली उतरलात की ती खऱ्यापेक्षा जास्त सांगते. २ टक्के सोडियम सायट्रेटमध्ये ०.०१ टक्का रंजक, यीस्टबरोबर समान भाग, पाच मिनिटांनी वाचन. निऱ्यातला गर निळा होऊन पेशींत मिसळतो, म्हणून आधी गाळा किंवा यीस्ट धुऊन घ्या. कोंब आईच्या निम्म्याहून मोठा असेल तर वेगळी पेशी धरा. खात्री हवी तर पातळ करून थाळीवर पसरा आणि दोन-तीन दिवसांनी वसाहती मोजा. ७० टक्क्यांच्या यीस्टचे प्रमाण वाढवण्यापेक्षा नवे आणा.

प्रश्न : पावसाळ्यात रंजके लवकर बिघडतात, असे का?
– पेडणे

उत्तर : थंड बाटली दमट हवेत उघडल्याने. फ्रिजमधून काढलेली एमटीटीची कुपी बंदच ठेवून अर्धा तास बाहेर राहू द्या. नाहीतर भुकटीवर दव पडते, गुठळी होते आणि पुढच्या वेळी वजनात पाणीही मोजले जाते. भुकट्या सिलिका जेलच्या डब्यात ठेवा; जेलचा रंग बदलला की ते भट्टीत तापवून पुन्हा वापरता येते. डीएमएसओ हवेतले पाणी ओढते, लहान कुप्यांत वाटून ठेवा. ट्रिपॅन ब्ल्यूच्या बाटलीत धाग्यांचा पुंजका तरंगताना दिसला तर ती बुरशी आहे, गाळत बसू नका, टाकून द्या.